डबा वाजतोय तोवर

गोटीरामला झोप येत नव्हती, आणि झोपेशिवाय नोकरी टिकणार नव्हती. तुर्भ्याच्या एका कारखान्याच्या फाटकावर तो रात्रपाळीचा वॉचमन. सकाळी सारसोळ्याच्या खोलीवर यायचा, भाकर खायचा, आडवा व्हायचा आणि पत्र्याकडे बघत पडायचा. जमीन गेली, बायको शेवंता देवाघरी गेली, मुलगा सुधीर बायकोला घेऊन पनवेलला गेला. या तीन गोष्टी डोक्यात घाण्याच्या बैलासारख्या फिरत राहायच्या. कुणी म्हणालं पायाला तेल चोळ, कुणी म्हणालं थोडी घेऊन बघ. तेल संपलं, बाटली संपली, झोप काही आली नाही.

एके काळी हाच गडी भर दुपारी, भर उधाणात, बांधावर घोरत पडायचा. खाडीच्या पाण्यापासून भात राखायचं तर अमावास्या-पुनवेच्या भरतीला पहारा लागे. नवराबायको आळीपाळीनं बसत. जो जागा, त्यानं रॉकेलचा रिकामा डबा काठीनं वाजवत राहायचं. वाजतोय तोवर सगळं ठीक. थांबला की झोपलेल्यानं ताडकन उठायचं, कारण एक तर बांध फुटला, नाही तर पहाऱ्यावरच्याचा डोळा लागला. शेवंता डबा बडवायची आणि गोटीराम खुशाल झोपायचा. आता बांध नव्या शहराच्या भरावाखाली गेला होता, आणि त्याच्यासाठी जागं राहणारं कुणी उरलं नव्हतं.

त्र्याऐंशी साली शेजारच्या खोलीत मालतीबाई आली. मराठवाड्यातली, नवरा गेलेली, दुकानाचे परकर शिवून पोट भरणारी. मधली भिंत नुसती नावाला. पहिल्याच दुपारी तिचं मशीन खडखडू लागलं तसा गोटीराम चडफडला. जाऊन दोन शब्द सुनवावेत म्हणून त्यानं कूस बदलली, आणि डोळे उघडले तेव्हा पाच वाजले होते. इतकी झोप त्याला शेवंता गेल्यापासून लागली नव्हती.

असे दोन महिने गेले. मग एका दुपारी तो दचकून उठला आणि अनवाणी बाहेर धावला. बांध फुटला! गल्लीत एक कुत्रं तेवढं पडलं होतं. मशीन बंद होतं.

संध्याकाळी नळावर मालतीबाई म्हणाली, "काका, तुमची रात्रपाळी असती हे मला कुठं ठावं? आता दुपारी मशीनला हात लावत न्हाई. निवांत झोपा."

"बरा केलास," गोटीराम म्हणाला. दुसरं काय म्हणणार? एकट्या बाईला जाऊन सांगायचं, की तुझ्या आवाजानं मला झोप लागते? गावानं तोंडात शेण घातलं असतं. तिनं भलं करायला जावं आणि त्याच्याच मुळावर यावं, असलं त्याचं नशीब!

चौथ्या दिवशी फाटकावर त्याचा डोळा लागला. साहेबांनी बजावलं, पुन्हा झोपलेला दिसलास तर घरी बस. त्या सकाळी गोटीरामनं ट्रंक उघडली, शेवंताची दोन लुगडी काढली आणि लोकलाज गुंडाळून मालतीबाईच्या दारात उभा राहिला.

"याची गोधडी शिव. पन दुपारीच शिव."

"आन् तुमची झोप?"

गोटीराम उंबऱ्यावर टेकला. मग त्यानं डब्याची सगळी गोष्ट सांगून टाकली. "कोन तरी जागा हाय, असा आयकू आला का मना झोप लागते, पोरी. दुसरा काय नाय."

मालतीबाईनं लुगडी घेतली.

दुपारी मशीन सुरू झालं. गोटीरामचे डोळे जड झाले, आणि मध्येच आवाज तुटला. तो उठून बसला. तेवढ्यात भिंतीवर कात्रीचे दोन ठोके पडले.

"दोरा तुटलाय, काका," पलीकडून मालतीबाई म्हणाली. "मी जागी हाय. झोपा तुमी."

गोटीराम पुन्हा आडवा झाला. मशीन सुरू व्हायच्या आतच त्याला झोप लागली.