पहिला वाटा वासाच्या बाईंचा

आमच्या बाई दारातूनच ओरडायच्या, "शिवलकर, डब्यात बांगडा आहे, तो बाहेर ठेवा!" डबा पिशवीत, पिशवी बंद, तरीही! रत्नागिरीतल्या आमच्या गुरांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत त्या मुख्य डॉक्टर आणि मी टेक्निशियन. गजरा, अत्तर, सुगंधी तेल, सगळ्याला आत बंदी. गावोगावचे लोक त्यांना 'वासाच्या बाई' म्हणत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझं डोकं फिरलं. बाई मात्र खूश! "डॉक्टर काय हो, ढिगानं आहेत," म्हणाल्या.

हे नाव पडलं ते त्यांच्या यंत्रामुळे. गुरांच्या आतड्यात एक जंतू शिरतो. गाय चारा खाते, तरी झडत जाते, शेण पातळ होतं, आणि औषध नाही. बरं, हा जंतू प्रयोगशाळेत वाढवून ओळखायचा तर महिनेच्या महिने जातात, तोवर गोठ्यातल्या वासरांनाही लागण. बाई म्हणायच्या, "वाढायला आळशी मेला, पण वायू सोडायला पहिल्यापासून तयार!" म्हणून त्या शेणाचा नमुना पोषक द्रव्याच्या बाटलीत ठेवत आणि बाटलीतली वरची हवा यंत्रात सोडत. कुठले वायू किती, ते यंत्र दाखवी, त्यावरून जंतूचा अंदाज यायचा. पद्धत अजून प्रयोगातच होती, म्हणून जुनी तपासणीही सोबत चालू असे.

मालगुंडच्या काशीकाकूंच्या तांबू गाईचं शेणही असंच तपासायला आलं. घरात काकू एकट्या, आणि तांबू म्हणजे लेकच. गाय गाभण, दिवस भरत आलेले, आणि अंगावरचं मांस उतरत चाललेलं. मालगुंडला रीत अशी, की गाय व्याली की चीक वाडीभर वाटायचा. घरोघरी खरवस होतो, तो उकडलेला, त्याचं भय नाही. पण कुणाचं वासरू आईवाचून असलं तर त्यालाही तोच कच्चा चीक पाजतात, पुण्य म्हणून! आणि हा जंतू चिकातूनही वासरात उतरतो. तांबूला रोग असेल तर तिचं वासरू गेलंच, वर शेजारचीही जातील. आणि नसेल, तर वासराला आईपासून उगाच तोडल्याचं पाप. बाईंना यातलं एक ठरवायचं होतं, तेही गाय विण्याआधी.

नेमकी खंडेनवमी आली. कोकणात त्या दिवशी कोयत्यापासून होडीच्या इंजिनापर्यंत सगळ्यांची पूजा, मग यंत्रालाच का वगळायचं? बाईंनी स्वतः झेंडूची माळ घातली आणि स्वतः धूप लावला. आम्हाला उदबत्तीची काडी आत नेऊ न देणारी ही बाई! दसऱ्यानंतर बाटल्या तपासल्या तर सगळ्यांत तेच वायू, शेण न घातलेल्या बाटलीतसुद्धा. बाई कपाळावर हात मारून हसत सुटल्या. मी म्हटलं, "पण तांबूवर आपला संशय आहेच की." त्यांचं हसू थांबलं. "संशय माझा आहे, शिवलकर. पुरावा धुपाचा आहे. ओतून टाका सगळं." आणि त्या पुन्हा मालगुंडला गेल्या, नवा नमुना घेऊन आल्या. या वेळी शेण न घातलेली बाटली स्वच्छ निघाली. तांबूची नाही.

दिवाळीच्या तोंडावर तांबू व्याली, कालवड झाली. बाई दुसऱ्या, निरोगी गाईचा चीक घेऊन आधीच हजर. काकूंनी आकांत मांडला. "तुमचा त्यो यंत्राचा डबा वास घेतो नि मी आईपास्नं पोर तोडू? तुमाला काळीज हाय की न्हाय, बाई?" बाई एवढंच म्हणाल्या, "शिव्या मला द्या काकू, पण वासरू माझ्याकडे द्या." कालवड शेजारच्या मांगराच्या छपराखाली, तांबू गोठ्यात, दोघी हंबरत होत्या. बाटलीनं चीक पाजताना बाईंचे डोळे घळाघळा वाहत होते. रजा टाकून त्या तिथेच राहिल्या. काकू त्यांना जेवायला वाढत होत्या, पण बोलत नव्हत्या.

शिमग्याच्या सुमारास जुन्या तपासणीत जंतू उगवला. मी नाचतच त्यांच्या टेबलाशी गेलो, "बाई, तुम्ही बरोबर!" त्या खाली बसल्या. "एकदा तरी माझं यंत्र चुकावं, असं वाटलं होतं हो," म्हणाल्या. काकूंना सांगायला त्या स्वतः गेल्या. पुढच्या उन्हाळ्यात तांबू गेली.

बाईही गेल्या. निवृत्त झाल्या आणि वर्षाच्या आत साध्या तापाचं निमित्त झालं. अशी माणसं देव इतक्या घाईनं का नेतो, कोण जाणे.

यंदा काशीकाकू एस.टी.नं आल्या, हातात शेणाची बाटली. ती कालवड आता गाभण होती. "आधी वास बघा हिचा. तो बरा निघाला तरच वाडीत चीक वाटीन," म्हणाल्या. निघाला. गाय व्याली, आणि काकू पुन्हा आल्या, खरवसाचा डबा घेऊन.

"बाई नाहीत काकू आता," मी म्हटलं.

"ठाव हाय मला. म्हणून काय पहिला वाटा दुसऱ्याला देऊ?"

डबा उघडला, वेलची-जायफळाचा घमघमाट सुटला. आम्ही सगळ्यांनी बाहेर पायरीवर बसून खाल्ला. आत नेला असता तर बाईंनी जीव घेतला असता.