पखवाज चार डेसिबलने खाली

माझा थोरला भाऊ आमच्या कोकणातल्या गावच्या भजनी मंडळाचा बुवा. घशाच्या ऑपरेशननंतर त्याचा आवाज निम्मा झाला. उत्सवाला जाणं शक्य नव्हतं, म्हणून मंडळाने देवळातल्या स्पीकरवर लावायला एक अभंग रेकॉर्ड करून मागितला. दादाची अट एकच होती, शब्द कळले नाहीत तर पाठवायचं नाही.

रेकॉर्डिंग आमच्या मुलुंडच्या घरी, मुलीच्या लॅपटॉपवर झालं. दादा लवकर थकायचा, म्हणून गाणं तीन दिवसांत तुकड्या-तुकड्यांनी घेतलं. दादाचा नेहमीचा पखवाजवाला मानखुर्दहून वेगळ्या दिवशी आला. दादा ज्यांवर गायला तेच मिनिटाला १२० ठोके हेडफोनवर लावून तो एकटाच वाजवून गेला, अगदी पूर्ण हाताने. दोन्ही एकत्र ऐकलं तर दादाचा आवाज बुडालेला.

मी पखवाज सरळ चार डेसिबलने उतरवला. शब्द कळायला लागले, पण कडव्यांच्या मधल्या जागाही मेल्या. दादा म्हणाला, "पंचवीस वर्षं साथ केलीय त्याने माझी. त्याला असा पाठवायचा नाही."

मुलीने साइडचेनचा उपाय काढला. आवाज आपोआप दाबणारा कॉम्प्रेसर पखवाजाच्या ट्रॅकवर बसवायचा आणि त्याला ऐकायला दादाचा ट्रॅक द्यायचा. दादा गायला की पखवाज खाली, थांबला की परत वर. मी हौसेने स्वतः जोडणी केली आणि कॉम्प्रेसर दादाच्याच ट्रॅकवर बसवला, कारण अडचण त्याची होती. पखवाज वाजला की दादा आणखी खाली जायला लागला. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्ही काकांनाच गप्प केलंत ना."

तिने तो पखवाजावर आणला आणि दाब चार डेसिबलच्या पुढे जाऊ दिला नाही. पखवाज पूर्ववत व्हायला किती वेळ द्यायचा, ते मी हिशेबाने सांगितलं: १२० ठोके म्हणजे ठोक्याला ५०० मिलिसेकंद. तेवढेच घातले. आकडा चोख होता.

दादा डोळे मिटून ऐकत होता. "पखवाज उशिरा येतोय," तो म्हणाला. "मी ओळ सोडली की तो लगेच उचलतो. श्वास घ्यायला जागा तोच देतो मला."

मुलीने वेळ कमी करत नेला. १८० मिलिसेकंदांवर दादाची बोटं मांडीवर चालू लागली. त्या आकड्यापर्यंत मी कागदावर कधीच पोचलो नसतो. तो कानाने पोचला, आणि मुलीने वाद न घालता त्याचं ऐकलं, याचं मला आजही कौतुक वाटतं.

तरी दादा पाठव म्हणेना. ज्याचा हात आपण मशीनने आवरला त्याला आधी विचार, म्हणाला. मी पखवाजवाल्याला फाइल पाठवली आणि काय केलं ते फोनवर जसंच्या तसं सांगितलं. त्याने ऐकून दहा मिनिटांत परत फोन केला. मी स्पीकर चालू केला.

"बुवा गाताना मी असोच वाजवतंय," तो म्हणाला. "त्या दिवशी बुवा समोर नव्हते."

दादा मुलीकडे वळून म्हणाला, "पाठव गं."