सरासरीवर भाजलेला पाव

आमच्या गल्लीतला बेकरीवाला भट्टीला भीत नाही, मेहुण्याला भितो. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी होतं. त्यासाठीचे पैसे तोवर गुंतवायला मेहुण्याने दोन योजनांचे कागद आणले. दोन्हींच्या परताव्याची पाच वर्षांची सरासरी दहा टक्के.

"भावजी, दोन्ही सारख्याच. ही दुसरी घ्या नि सही करा!" दुसरीत मेहुण्याला दलाली जास्त, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मीच सांगितलं होतं.

बेकरीवाल्याने आधी पेन्सिल घेतली. प्रत्येक वर्षाचा आकडा दहापासून किती लांब, ते मांडून त्याने बेरीज केली. दोन्हीकडे शून्य! त्याचा जीव भांड्यात पडला.

"बाबा, अधिक-उणे एकमेकांना खातात," मुलगी म्हणाली. "आधी प्रत्येक फरकाचा वर्ग करा, मग बेरीज करून पाचाने भागा."

पहिलीचं उत्तर आलं दोन, दुसरीचं साडेसातशे. वर्गमूळ काढलं, तर पहिली सरासरीपासून दीडेक टक्का हलायची, दुसरी सत्तावीस! एका वर्षी तर ती उणे पंचवीसवर गेली होती.

बेकरीवाल्याने दुसरीचा कागद बाजूला सारला. त्याच्या जुन्या भट्टीचीही सरासरी उष्णता बरोबर असायची, पण अर्धे पाव करपायचे नि अर्धे कच्चे राहायचे.

"भावजी, फार भित्रे बुवा तुम्ही!"

"आहेच. तुझ्या बहिणीचं ऑपरेशन एकाच वर्षी व्हायचंय, पाच वर्षांच्या सरासरीत नाही."

सही त्याने मेहुण्याकडे न बघताच केली, पण कागद पहिल्या योजनेचा होता.