भावोजींची उभी मोरी

कुठल्याही कारागिराला आपल्या घराचा उंबरा ओलांडू द्यायचा नाही, असा पण केलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझ्या सख्ख्या बहिणीचा नवरा निघाला. सुतार, गवंडी, शिंपी, कल्हईवाला ही सारी मंडळी नागावात भावोजींच्या आळीतून जाताना पाय उचलून चालत. कारण भावोजी त्यांना हाक मारून ओटीवर बसवीत, चहा पाजीत, तासभर त्यांच्या धंद्यातली खोच न खोच काढून घेत आणि शेवटी, "बरं, या आता. हे काम मीच करीन," असं म्हणून वाटेला लावीत. "कारागिराला काही चार हात नसतात," हे त्यांचं ब्रह्मवाक्य होतं. त्यावर आमची ताई चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणे, "चार नसतात हो, पण असतात ते दोन तरी एकमेकांशी बोलतात."

भावोजींची सगळी नोकरी मोजणी खात्यात गेली होती. साखळी ओढत त्यांनी अर्धा कुलाबा जिल्हा पायांखाली घातला होता आणि पेन्शन घेऊन नागावच्या वाडीत आल्यावर मोजायला जमीन उरली नाही म्हणून ते दिसेल ती वस्तू मोजू लागले. खिशात फीत कायमची. पानातली भाकरी कालच्यापेक्षा दोन बोटं लहान आहे, हे ते जेवायला बसण्याआधी सांगत. नारळाच्या झाडांमधली अंतरं त्यांना तोंडपाठ होती. इतकं मापाचं वेड असलेल्या माणसाची कामं चुकायला नकोत, असं आपल्याला वाटतं. पण माप आणि काम यांच्यामध्ये कुठेतरी भावोजी स्वतः उभे असत. एका दिवाळीला त्यांनी स्वतःसाठी कोट शिवला. कापड उत्तम, शिवण सुतासारखी सरळ, फक्त दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या झाल्या होत्या. तो घालून ते अलिबागेला माझ्या बिऱ्हाडी आले, तेव्हा त्यांचा उजवा हात कुणीतरी मागून ओढून धरल्यासारखा दिसत होता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "कापड जरा आखडलंय." तो कोट त्यांनी तीन हिवाळे वापरला. एका वैशाखात त्यांनी घराची कौलं स्वतः चाळली, तर त्या वर्षी बाहेर पडला त्याहून अधिक पाऊस घरात पडला. आषाढभर आपण डोक्यावर इरलं घेऊन पोळ्या लाटल्या, असं ताई सांगे. ती थोडं वाढवून सांगायची, पण फार नाही.

मी तेव्हा अलिबागेच्या कचेरीत कारकून होतो आणि बहुतेक रविवारी नागावला जात असे. सन एकोणीसशे तिसानंतरच्या एका वर्षी, श्रावणात, ताई मोरीत पाय घसरून पडली. तेव्हा आमच्याकडच्या मोऱ्या म्हणजे स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात जमिनीशी सपाट बसवलेला दगड आणि त्याला चार बोटांचा काठ. बायकांनी उकिडवं बसून राखेनं नि नारळाच्या शेंडीनं भांडी घासायची. दगडावर शेवाळ धरलं होतं. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. वैद्यांच्या लेपांनी सूज उतरली, पण गुडघा काही पुरता मिटेना. ताई चालायची, उभी राहायची, उंच पाटावर बसून स्वयंपाकही करायची. उकिडवं बसणं मात्र संपलं.

मग भावोजी धोतर खोचून मोरीत बसले. त्या काळी ही साधी गोष्ट नव्हती. आळीतल्या बायका परसातून डोकावून बघत आणि पदर तोंडाला लावून परत जात. भावोजींना त्याचं काहीच नव्हतं. ते मोठ्या आवाजात आर्या म्हणत भांडी घाशीत. पण ताईला ते सोसेना. दिवाळी उलटल्यावर एका रविवारी मी गेलो तर ती त्यांच्या हातातलं पातेलं ओढून घेत होती.

"उठा तिथून. मला बघवत नाही."

"अगं, पण तुझा पाय..."

"माझा पाय माझ्यापाशी. उठा म्हणते ना!"

ते उठले. ती ओल्या दगडावर एक पाय लांब करून बसली आणि वाकडी होऊन भांडी घासू लागली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते गुडघ्याचं होतं की लाजेचं, मला कळलं नाही. भावोजी ओटीवर येऊन बसले. खिशातली फीत काढून उलगडीत, पुन्हा गुंडाळीत.

पुढच्याच आठवड्यात ते मुंबईला गेले. गिरगावात त्यांच्या एका शाळूसोबत्याच्या घरी त्यांनी उभी मोरी पाहिली होती. भिंतीला कुंडी, कुंडीवर नळ, बाई उभ्यानं भांडी घासते आणि पाणी आपलं आपण बाहेर जातं. जुन्या सामानाच्या बाजारातून तसलीच एक कुंडी घेऊन ते बोटीनं रेवदंड्याला उतरले. मी बैलगाडी घेऊन बंदरावर गेलो होतो. बोटीवरून लहान होडीत आणि होडीतून किनाऱ्यावर ती पांढरीशुभ्र, दोन माणसांनी उचलावी अशी चिनी मातीची कुंडी आली, तेव्हा मासळी निवडणाऱ्या बायका कामं टाकून भोवती जमल्या. होडी गोमा तांडेलाची होती. भावोजींनी पूर्वी त्याच्याकडून होडीबांधणीची सगळी विद्या विचारून घेतलेली, त्यामुळे तो त्यांना चांगला ओळखून होता.

"आण्णा, यो काय हाय? न्हान्या पोराला आंघोल घालाचा टोप?"

"मोरी आहे ही, गोमा. उभी मोरी."

गोमानं कुंडीच्या तळाच्या भोकातून बोट घालून पाहिलं. "याला त भोक हाय," तो काळजीनं म्हणाला.

नागावात आमच्या गाडीच्या आधी बातमी पोचली. नळ गावात नव्हताच. त्यावर भावोजींनी तोड काढली होती. कुंडीच्या वर फळीवर तोटीचं पितळी पिंप ठेवायचं आणि रोज सकाळी ते आपण विहिरीवरून भरायचं. सांडपाणी भिंतीतून परसातल्या अळवात सोडायचं. कागदावर सगळा नकाशा काढलेला, बाण दाखवून. पहिलं भोक त्यांनी भिंतीत पाडलं, ते परसात न निघता शेजारच्या न्हाणीघरात निघालं. "भिंत तिरकी आहे," भावोजी म्हणाले. दुसरं नीट निघालं. मग फणसाच्या लाकडाचे दोन टेकू भिंतीत रोवून त्यांवर आम्ही दोघांनी कुंडी चढवली आणि भावोजींनी ताईला हाक मारली. ताई आली आणि कुंडीसमोर उभी राहिली. कुंडीचा काठ तिच्या छातीशी आला होता. भावोजी ताडमाड उंच, ताई त्यांच्या खांद्याच्याही खाली. मोरी त्यांनी स्वतःच्या कमरेच्या मापानं बसवली होती.

"ही मोरी की देव्हारा?" ताई म्हणाली. मग त्यांचा चेहरा पाहून घाईनं, "राहू दे हो. पायाखाली पाट घेईन मी."

तिनं पाट ओढला आणि चढायला गेली. दुखरा पाय वर उचलताना तिच्या तोंडून कण्हणं बाहेर आलं. भावोजींनी तिला धरून खाली बसवलं, पाट उचलला आणि परसात भिरकावून दिला.

"खाली घ्यायची. आत्ताच्या आत्ता."

घाईत त्यांनी कुंडी उतरवायच्या आधीच एक टेकू ठोकून सैल केला. कर्र असा आवाज झाला, कुंडी कलंडली आणि भावोजींनी ती छातीवर झेलली. पाठ बाजूच्या भिंतीला, गुडघे वाकलेले, दोन्ही हात कुंडीभोवती. सोडली तर कुंडीचा चुरा आणि पायांचाही. मी धरायला गेलो तर ओरडले, "तू हात लावलास तर दुसराही निघेल! माणूस आण, माणूस!"

बाहेरच्या माणसाला बोलवा, असं भावोजींच्या तोंडून निघालेलं तेवढं एकच वाक्य. मी धावत सुटलो. आळीत पुरुष कुणी नव्हता, सगळे वाड्यांत शिंपणाला गेलेले. पण गोमा त्या दिवशी सुकटीच्या टोपल्या घेऊन नागावात आला होता. तो मला वडाखाली सापडला. आम्ही परतेपर्यंत अर्धा तास तरी गेला असेल. स्वयंपाकघराच्या दाराशी मी थबकलो. ताईनं उंच पाट ओढून आणला होता आणि त्यावर बसून कुंडीच्या दुसऱ्या टोकाला आपला खांदा लावला होता. दोघांची तोंडं जवळजवळ आली होती.

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली," भावोजी म्हणत होते. "साऱ्या जिल्ह्याची जमीन मोजली गं मी. तुझी उंची मला ठाऊक नव्हती."

"तुम्ही विचारलीत कधी?" ताई म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. ती हसू लागली तशी कुंडी हलू लागली. भावोजी घाबरून "हसू नको, हसू नको" म्हणता म्हणता स्वतःच हसू लागले.

गोमा पुढे झाला. होडी किनाऱ्यावर टेकवून धरतात तशी त्यानं एक वासा खालून लावून कुंडी धरली. भावोजींच्या छातीवर चार दिवस काळानिळा वळ होता. मग पुढचं काम गोमानं सांगितलं आणि भावोजींनी मुकाट्यानं केलं. ताईला भिंतीशी उभं करून, तिचं कोपर वाकवून, तिथे गेरूची रेघ मारली. टेकू नव्यानं रोवले. सांडपाण्याच्या नळीच्या सांध्याला भावोजी चुना भरायला लागले, तर गोमानं त्यांचा हात धरला.

"चुना कसाला? होरीची फट आमी कशी बुजवतो? कापूस नि राल. होरीत पानी भायेरून येते, हितं आतून जाते. पानी त तेच हाय ना?"

संध्याकाळच्या आत मोरी उभी राहिली. पिंप भरलं. ताईनं एक तांब्या घेतला, तोटी सोडली आणि उभ्यानं घासू लागली. पाणी खळखळत भिंतीतून गेलं आणि परसात अळवात पडल्याचा आवाज आला. ताईनं तांब्या विसळला, पुसला आणि पुन्हा घासायला घेतला. तोच तांब्या तिनं तीनदा घासला. गोमा उंबऱ्याशी टोपी हातात घेऊन उभा होता.

त्यानंतर आळीतल्या बायका डोकवायला येत त्या हसायला नव्हे. महिन्याभरात शेजारच्या घरच्या म्हाताऱ्या सासूबाईंनी, ज्यांची कंबर गेली होती, भावोजींना बोलावणं धाडलं. चिनी मातीची कुंडी सगळ्यांना कुठून मिळणार. भावोजींनी जांभा दगड कोरून कुंड्या बसवायला सुरुवात केली. चार-पाच वर्षांत त्यांनी नागावात आणि पुढे रेवदंड्यापर्यंत कितीतरी घरांत उभ्या मोऱ्या बसवल्या. सांध्यांना कापूस नि राळ, आणि हातात फीत. घरात शिरल्यावर पहिला प्रश्न, "भांडी कोण घासतं? तिला बोलवा." कुणाची सून लाजून दाराआड उभी राही, तर हे म्हणत, "मुली, नाव नको सांगू, कोपर दाखव."

ताई आधी गेली. भावोजी तिच्यामागे सहा वर्षं त्या घरात एकटे राहिले. मी गेलो की ते स्वतः चहा करीत आणि कपबश्या विसळायला मोरीशी जात. ती मोरी त्यांना फार खाली पडायची. कमरेत पार वाकून, एक हात गुडघ्यावर टेकून ते उभे राहत. मी एकदा म्हटलं, "भावोजी, तुम्ही एकटेच आहात आता. हातभर वर घेऊ या का? मी धरतो." त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. कपबशी पुसून पालथी घातली आणि म्हणाले, "अळू चांगलं आलंय. जाताना घेऊन जा."

आता दोघंही नाहीत. मागच्या वर्षी एका लग्नाला नागावात गेलो होतो, तेव्हा एका घरी पाणी प्यायला थांबलो. स्वयंपाकघरात जांभ्याची कुंडी दिसली, अगदी बुटकी, मांडीपर्यंत येईल न येईल अशी. घरातली तरुण सून ठेंगू नव्हती. ती वाकून भांडी घासत होती. मी विचारलं तर म्हणाली, "आमच्या आजेसासूबाईंसाठी केलेली हो. एवढ्याशा होत्या म्हणे त्या. मी पाहिलं नाही त्यांना." आणि ओल्या हातानं तिनं जमिनीपासून एवढंसं अंतर दाखवलं.