कॅन्टीनमधला पहिला चहा

माझ्या जुन्या स्क्रॅपबुकात स्नेहसंमेलनाचे पास आहेत, शिबिराचा फोटो आहे आणि एका पानावर बिस्किटाच्या पुड्याचा कागद चिकटवलाय. "हा कशाला जपलास?" माझ्या मुलीने विचारलं.

जालन्यातल्या आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मुली जात नसत. मनाई कुणी केली नव्हती, पण जात नसत. बदनापूरहून रेल्वेने येणारी माझी मैत्रीण रेखा एक दिवस म्हणाली, "मला भूक लागून राह्यली. चल, आत बसू." आम्ही दोन चहा आणि हा बिस्किटाचा पुडा घेऊन बसलो आणि आतली बडबड थांबली. उकळत्या आल्याचा वास तेवढा दरवळत होता. तेवढ्यात शेवटच्या वर्षाला असलेला माझा दादा मित्रांसोबत दारात आला. माझा चहा बशीत सांडला. वडिलांना कळलं की माझं कॉलेज बंद, हे मी धरूनच चालले. दादाने आमच्याकडे पाहिलं आणि तो मित्रांना घेऊन परत फिरला.

जेवताना वडिलांनी मला विचारलं, "उशीर का झाला?"

माझ्या आधी दादाच बोलला, "बस न्हाई आली जल्दी."

तेव्हा मला धीट वाटली ती रेखाच. वडिलांसमोर दादाही घाबरायचा आणि तरी माझ्यासाठी खोटं बोलला, हे मला फार नंतर कळलं.