साहेबाच्या तीन काठ्या

वडणग्याच्या पिराजी खाडेला कोल्हापुरात लोक आधी त्याच्या म्हशींमुळे ओळखायचे आणि मग त्याच्या अनवाणी पायांमुळे. रोज पहाटे दोन म्हशी पुढे घालून तो पंचगंगेचा पूल ओलांडायचा, गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर त्या बांधायचा आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढून द्यायचा. पायात मात्र काही नाही. ज्या गावच्या चपला मुंबई-पुण्याचे लोक हौसेनं करकर वाजवत नेतात, त्या गावात तीन वर्षं अनवाणी फिरायचं म्हणजे हलवायाच्या दुकानात बसून उपास करण्यातला प्रकार. पण पिराजी फिरायचा, आणि कुणी विचारलं तर म्हणायचा, "आयेला इचारा."

कारण हे अनवाणीपण त्यानं स्वतःहून घेतलेलं नव्हतं. त्याच्या आईनं, चिमणाबाईनं, ते परस्पर जोतिबाला बोलून टाकलं होतं. संस्थान विलीन झालं त्या साली, जाता जाता काही साहेब लोकांनी इथं निरोपाचा सामना खेळला. पिराजी तेव्हाच शहरातल्या क्लबाचा सगळ्यात चांगला बॉलर होता. म्हशी पिळून पिळून बोटं अशी तयार झालेली, की चेंडू टप्पा पडल्यावर कुठं वळेल हे फलंदाजाला कळेपर्यंत उशीर झालेला असायचा. तरी गवळ्याचं पोर म्हणून त्याला संघात घेतलं नाही. दिवसभर तो दोरीच्या बाहेर उभा राहिला. चिमणाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा तिनं खेळ बघितलाच नाही, पोराचं तोंड बघितलं. पुढच्याच रविवारी ती डोंगर चढली आणि देवापुढं पदर पसरून म्हणाली, "जोतिबा, माझ्या पिराजीच्या हातनं साहेबाच्या तीन काठ्या उडाल्याबिगर त्यो पायात कायबी घालायचा न्हाय."

झालं. स्वतःच्या पायांचं बोलली असती तर एक वेळ चाललं असतं, पण आईच्या नवसात पोराचे पाय जायचेच. त्यात त्या माउलीला कुठं ठाऊक, की साहेबाच्या खेळाला बूट लागतात.

क्लबाचे कप्तान त्र्यंबकराव हे पेशानं वकील. त्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "चिमणाबाई, अहो, साहेबाशी खेळायचं तर पायांत बूट हवेत, आणि बूट घालायचे तर आधी साहेबाशी खेळायला हवं. यातून तुमचा पिराजी बाहेर कसा पडणार?"

"देवानं ऐकलंय न्हवं? मग वाट बी त्योच काढंल," चिमणाबाई म्हणाली आणि म्हशीला पेंड घालायला निघून गेली.

क्लबाच्या साध्या सामन्यांत कुणी बुटांचं विचारत नसे. पिराजी अनवाणीच टाकायचा, आणि खरं सांगायचं तर खेळपट्टीवर अंथरलेल्या काथ्याच्या मॅटिंगवर त्याची पायाची बोटं अशी रुतायची, की बुटवाल्यांनी हेवा करावा. पण एक्कावन्न सालच्या हिवाळ्यात खबर आली, की विलायतेहून आलेला एक संघ कोल्हापुरात एक सामना खेळणार. त्या दिवसापासून पिराजीचं जेवण उडालं. चोवीस वर्षांचा गडी, असा योग पुन्हा कधी येणार? आत्ता हुकलं तर जन्मभर दोरीच्या बाहेर, आणि जन्मभर अनवाणी.

सामन्याचा सगळा कारभार हंबीररावांकडे होता. संस्थानच्या फौजेतून निवृत्त झालेला माणूस, पँटीची इस्त्री मोडू नये म्हणून उभ्यानं चहा पिणारा. पाहुण्यांच्या कप्तानाचा निरोप आला, की मी रविवारी खेळत नाही, देवळात जातो. हंबीररावांनी एका शब्दानं खळखळ केली नाही. "धर्माचा मामला हाय, मान राखला पायजे," असं म्हणून त्यांनी शनिवार-रविवारचा सामना शनिवार आणि सोमवारवर नेला. मग त्यांनी पिराजीला बोलावून घेतलं आणि सांगितलं, "बूट घालणार असलास तर खेळ. परदेशी पावण्यांफुडं अनवाणी गडी उभा करून मी कोल्हापूरचं हसं करून घेणार न्हाय."

इथं पिराजीचा पाय घसरला. देवाला कोण सांगायला जातंय, असं म्हणून गुरुवारी त्यानं त्र्यंबकरावांचे कॅनव्हासचे बूट मागून घेतले. तीन वर्षांत पसरलेली बोटं आत मावेनात. कशीबशी कोंबली आणि सरावाला टाकायला लागला तर चेंडू एकदा जाळीत, एकदा त्र्यंबकरावांच्या पोटात. पण बूट चावत होते याचं त्याला काही नव्हतं. आपण आईच्या शब्दावर पाय देऊन उभे आहोत, असं त्याला वाटायला लागलं आणि भर मैदानात लाज वाटली. त्यानं बूट काढले, घरी जाऊन आईला सगळं सांगितलं आणि म्हणाला, "आये, मी काय खेळत न्हाय."

शुक्रवारी पहाटे म्हशींबरोबर चिमणाबाई स्वतः कट्ट्यावर आली.

हंबीरराव रोजच्यासारखे धारोष्ण दूध प्यायला आले. चिमणाबाईनं त्यांचा तांब्या घेतला, म्हशीखाली बसली आणि धार सोडता सोडता सबंध गंगावेशीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला सुरुवात केली. कट्ट्यावर हळू बोलायची रीत नाहीच.

"आबासाब, त्यो साहेब ऐतवारी का खेळत न्हाय?"

"त्येंच्या देवाचा वार हाय त्यो."

"माझ्या जोतिबाचा वार कंचा?"

हंबीरराव तांब्यात डोकावले. जोतिबाचा वार रविवारच, हे कोल्हापुरात तान्ह्या पोरालाही ठाऊक.

"बोला की. ऐतवारच न्हवं? त्येच्या देवासाठनं तुमी दोन दिसाचा ख्योळ मोडून तीन दिसावर न्हेला, आन् माझ्या देवासाठनं तुमास्नी दोन पाय उघडे बघवंनात. साहेबाचा देव गोरा हाय म्हनून व्हय?"

धार चालूच होती. तांब्या भरल्याशिवाय हंबीररावांना हलता येईना, आणि आज तांब्या काही भरता भरत नव्हता. आजूबाजूची सगळी गिऱ्हाइकं दूध हातात धरून ऐकत होती. एक म्हातारा गवळी म्हणाला, "चिमणाबाईचं खोटं न्हाय, आबा." दुसऱ्यानं मान डोलावली. ज्या माणसानं फौजेत पलटण हलवली तो एका बाईपुढं आणि एका म्हशीपुढं घामाघूम झाला.

"साहेबांच्या कप्तानानं हरकत घेतली तर?" त्यांनी शेवटचं विचारून बघितलं.

"मग त्येलाच इचारा की. त्येलाबी आय असंलच," असं म्हणून चिमणाबाईनं भरलेला तांब्या त्यांच्या हातात दिला. हंबीररावांनी तो घटाघटा रिकामा केला, मिशीला लागलेला फेससुद्धा पुसला नाही, तसेच चालते झाले.

शनिवारी नाणेफेकीच्या वेळी त्र्यंबकरावांनी पाहुण्यांच्या कप्तानाला खरंच विचारलं. तो उंच, लालबुंद माणूस पिराजीच्या पायांकडे नीट बघून दोन वाक्यं बोलला. हंबीरराव मागंच उभे होते. त्र्यंबकरावांनी त्यांना मराठीत सांगितलं, "तो म्हणतो, मी रविवारी खेळत नाही हे तुम्ही निमूट मान्य केलंत, मग याच्या पायांसाठी माझी परवानगी कसली मागता? फक्त आमचे बॉलर जोरात टाकतात, अंगठे सांभाळायला सांगा."

साहेबाचं म्हणणं खरं निघालं. कोल्हापूरची फलंदाजी आधी आली, आणि सगळ्यात शेवटी गेलेल्या पिराजीच्या डाव्या अंगठ्यावर एक चेंडू असा बसला, की दोरीबाहेरच्या लोकांच्याच तोंडून हाय निघाली. पिराजी हू का चू न करता उभा राहिला. आपला डाव दीडशेच्या अलीकडेच आटोपला, आणि पाहुणे खेळायला आले तेव्हा पिराजीचा अंगठा वांग्यासारखा झाला होता.

तरी त्यानं टाकलं. आधी वाकून जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि धावायला लागला. संध्याकाळपर्यंत त्यानं तीन साहेब घरी पाठवले. लोक नाचत होते. डोक्यावर पदर घेऊन दोरीपाशी बसलेल्या चिमणाबाईनं मात्र एवढंच विचारलं, "काठ्या?"

"न्हाय आये. दोघं झेलात गेलं, एक पायचीत."

"मग काय उपेग."

पिराजीला हसावं की रडावं कळेना. विलायतेच्या तीन फलंदाजांना बाद करून घरी जाणाऱ्या दुसऱ्या कुठल्या बॉलरला आईनं असं ऐकवलं नसेल. आणि पाहुण्यांचा कप्तान अजून नाबाद होता.

रविवारी तो कप्तान शहरातल्या चर्चमध्ये गेला, आणि पिराजी लंगडत जोतिबाचा डोंगर चढला. चिमणाबाई म्हणाली होती, पाय दुखतोय तर राहू दे. तरी तो गेला. तीन वर्षं आईचा नवस त्यानं ओझ्यासारखा वागवला होता, कधी कुरकुरत, कधी लाजत. त्या दिवशी पायऱ्यांवर अंगठा ठणकत होता आणि त्याला पहिल्यांदाच वाटलं, की आपण कुणाच्या सांगण्यावरून आलेलो नाही. गाभाऱ्यासमोर उभा राहून त्यानं साहेबाची विकेट मागितली नाही. "माझ्या आयेचा शबुद खाली पडू दिऊ नगंस," एवढंच तो म्हणाला, कपाळभर गुलाल लावला आणि खाली उतरला.

सोमवारी तो गुलाल घेऊनच मैदानात आला. हंबीररावांनी पाहिलं आणि त्याला वाट करून दिली.

पाहुण्यांचा कप्तान ठाम खेळत होता. एका बाजूनं गडी पडत गेले, पण तो काही हलेना. धावा वाढत वाढत आपल्या धावसंख्येच्या अगदी जवळ आल्या. ऊन चढलं तशी मॅटिंग तापली, काथ्यानं पिराजीचे तळवे सोलून निघाले, आणि दर वेळी डावा पाय टेकला की डोळ्यांपुढं काजवे चमकत. त्र्यंबकराव म्हणाले, "पिराजी, दमलास तर सांग." पिराजी म्हणाला, "दमलो न्हाय. येक कळलंय. ह्यो पावणा माझ्या हाताकडं बघतोय. बघू दे." आणि इतका वेळ बाहेर वळवत होता तो चेंडू, तोच हात, तीच बोटं ठेवून त्यानं सरळ सोडला.

कप्तानाची बॅट वळणाच्या वाटेवर गेली. चेंडू गेलाच नाही तिकडे. मधली काठी मुळासकट उखडली आणि तिच्या धक्क्यानं दोन्ही बाजूच्याही आडव्या झाल्या. तिन्हीच्या तिन्ही.

मग दोरीपासून एका बाईचा आवाज आला, "जोतिबाच्या नावानं," आणि सगळ्या मैदानानं उत्तर दिलं, "चांगभलं." टोप्या उडाल्या, फेटे उडाले, तालमीतल्या पोरांनी पिराजीला खांद्यावर घेतलं. पाहुण्यांचा कप्तान परत जाता जाता वाट वाकडी करून आला, पिराजीचा हात हातात घेतला आणि कपाळावरच्या गुलालाकडे बघून मान लववली. पुढचा शेवटचा गडी आला तसाच गेला. विलायतेच्या संघावर कोल्हापूरनं पहिल्या डावात आघाडी घेतली. आनंद किती झाला ते काय सांगावं, त्या रात्री गावात पेढा शिल्लक राहिला नाही.

डाव संपताच खेळाडूंच्या तंबूत चिमणाबाईनं पदराखालून एक जोड काढला. चपलांचा. नवस बोलली त्याच आठवड्यात तिनं चांभाराकडून करून घेतला होता आणि तीन वर्षं ट्रंकेत ठेवला होता, महिन्याला तेल लावून. "घाल," ती म्हणाली. पिराजीनं पाय सरकवले. चपला जरा अपुऱ्या होत्या, अंगठा बाहेर राहिला, पण करकर अशा वाजल्या की तंबूतले सगळे हसले. चिमणाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या चपला घालून पिराजी चहापर्यंत तंबूत राजासारखा बसला.

तोवर आपला दुसरा डाव मध्येच घोषित करून त्र्यंबकरावांनी पाहुण्यांना शेवटच्या तासापुरतं पुन्हा खेळायला बोलावलं आणि पिराजीला हाक मारली. पिराजी उठला, दोरीपर्यंत चपला वाजवत गेला. तिथं थांबून त्यानं त्या काढल्या आणि वाकून जमिनीला हात लावला.

चिमणाबाई ओरडली, "आता घाल की रं. नवस फिटला न्हवं?"

"तुझा फिटला, आये," पिराजी म्हणाला. "ह्यो माझा हाय." आणि अनवाणी आत गेला.

चपला वाटेतच राहिल्या होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याचा पाय लागत होता. हंबीरराव खुर्चीतून उठले, इस्त्रीची पर्वा न करता खाली वाकले, दोन्ही चपला स्वतःच्या हातानं उचलल्या आणि आपल्या खुर्चीखाली नीट जोडून ठेवल्या.