ओल्या दोरीची चिंधी

माझा धाकटा भाऊ तसा जन्मजात शहाणा, त्याला शिकवणारा अजून जन्माला यायचा होता. तरी गेल्या हिवाळ्यात तो दर रविवारी आमच्या मुरबे गावाहून बोईसरला एका खोलीत 'अभ्यासवर्गाला' जायला लागला. तिथे कोणी एक सर सांगायचे, की माणसांचे वंश मुळातच वेगळे, वंशावंशांची लढाई ठरलेली आहे, आपण झोपलो तर ते आपल्याला संपवणार. ते म्हणजे कोण, असं मी विचारलं. "चेहऱ्यावरून कळतं, ताई," म्हणाला. मी म्हटलं, "आधी सोताचं नाक बघ आरशात. डोंबलाचा वंश!"

हसले खरी. पण थेंब थेंब कानात पडत होतंच.

त्याच दिवसांत माझी लेक बाळंतपणाला अडली आणि मी आठ दिवस पालघरच्या दवाखान्यात अडकले. इकडे बोंबलाचा भर हंगाम. किनाऱ्यावर आमची वलांडी आहे, म्हणजे बांबूचे खांब रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधलेल्या. बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे, जोडी दोरीवर टाकायची आणि उन्हावाऱ्यात सुकू द्यायची. ते सगळं मी सोडून गेले एका बाईवर. दोन वर्षं ती माझ्याकडे कामाला होती. पूर्वेकडच्या डोंगरांतली, बारीक डोळ्यांची, बसक्या नाकाची. नवरा बोईसरच्या कारखान्यात, आणि दोघं आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने. मला मावशी म्हणायची.

दवाखान्यात भाऊ रोज डबा घेऊन यायचा आणि डब्याबरोबर मोबाईल उघडायचा. "हे बघ. किनाऱ्याला मुद्दाम पेरलेत या बारीक डोळेवाल्यांना. लढाईआधी घरांवर, जागांवर खुणा करून ठेवतात." झोप नाही, पोरीची काळजी. चिडायलासुद्धा अंगात बळ नव्हतं. मी ऐकत गेले. ऐकता ऐकता एक दिवस मीच विचारलं, "आपल्याकडे केल्यात का रं?"

नवव्या दिवशी नातवाचं तोंड बघून घरी आले आणि थेट किनाऱ्यावर गेले. बघते तर माझ्या वलांडीच्या पाच-सहा दोऱ्यांना पिवळ्या चिंध्या! आमच्याकडे चिंधी बांधायची ती कोपऱ्यातल्या खांबाला, ज्याची वलांडी त्याने. दुसऱ्याच्या वलांडीला चिंधी म्हणजे जागेवर हक्क सांगणं. यावरून आमच्यात डोकी फुटलेली आहेत. शेजारणींच्या वलांड्या बघितल्या, तिथे काही नव्हतं. फक्त माझ्याच.

ती बाई पलीकडे बोंबील उलटत होती. कानाला फोन, तिच्या भाषेत बोलणं, मधेच हसणं. मग बोटाने दोऱ्या मोजायला लागली. मेली मोजतेय काय? एका वाक्यात विचारलं असतं तर तिथेच संपलं असतं. पण संशय आला की माणूस विचारत नाही, नुसता बघत राहतो. मी रागाने सगळ्या चिंध्या ओरबाडून वाळूत टाकल्या आणि घरी येऊन भावाला सांगितलं. तो धावत गेला, चिंध्यांचा फोटो काढला, तिचाही काढला, आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकला.

दुपारी बोईसरहून मोटरसायकलींवर सहा जण आले. तिला वलांडीपाशी उभं केलं. एकाने तिची हनुवटी धरली, मासळी निवडावी तसं तोंड इकडे-तिकडे फिरवून बाकीच्यांना दाखवलं. "बघा. हाच तो वंश." ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मावशी, तुमीच तर सांगितला. जी दोरी ओली, बोंबील सुकला नाय, तिला चिंधी बांध. कोणी काढणार नाय."

सांगितलं होतं? मी वाळूतली एक चिंधी उचलली. कडेला निळ्या दोऱ्याचा रफू. माझ्या हातचा. लेकीला रिक्षात घालताना मीच ओरडले होते, पडवीतली माझी जुनी पिवळी साडी फाड म्हणून. देवा रे!

"सोड तिला!" मी किंचाळले. "माझी साडी हाय ही! मीच सांगितलेलं!"

हनुवटी धरणारा शांतपणे म्हणाला, "चिंधीचं सोडा हो काकू. चेहरा बघा ना."

म्हणजे चिंधी असली काय नि नसली काय. यांना पुरावा नकोच होता, तो मला हवा होता, आणि मी तो आयता नेऊन दिला होता. मी त्याच्या हातावर फटका मारला, तिच्यापुढे उभी राहिले आणि तोंडात येतील त्या शिव्या दिल्या. शेजारणी कोयते घेऊन धावल्या. मग ते निघाले, पण उद्यापर्यंत खोली रिकामी झाली पाहिजे असं बजावून. भाऊ त्यांच्यातच उभा होता. "ताई, तू मधे पडायला नको होतंस," एवढंच बोलला. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या दिवसापासून मी त्याच्या घरचं पाणी पीत नाही.

सकाळी ती दोघं निघाली. मी रात्रभर पाठ केलेलं, माफी मागायची, नका जाऊ म्हणायचं. पण तिने माझ्याकडे नीट पाहिलंच नाही. गाठोडं रिक्षात ठेवलं, बसली आणि रिक्षा सुरू झाल्यावर म्हणाली, "मावशी, चिंधीवाल्या दोऱ्या अजून ओल्या हाय. आज काढू नका, सडेल."

मी किनाऱ्यावर गेले. चिंध्या तर मीच ओरबाडल्या होत्या. आता कुठली दोरी ओली, कुठली सुकी, काही कळेना. संध्याकाळपर्यंत एकेक बोंबील हाताने चाचपत बसले.